प्रतिकृतीकार दादासाहेब

मला छोट्या मोटारी तयार करण्याचा नाद आहे. बाजारात डब्यात मिळतात त्या नव्हेत, तर हाताने, मापाबरहुकूम केलेल्या. परतवाड्याच्या स्टँडवर प्रवाशांची वाट पाहत उभी असलेली काळी-पिवळी, एस.टी.ची लाल बस, चिखलदऱ्याच्या घाटात धापा टाकणारी जीप आणि अचलपूरहून मुर्तिजापूरला जाणारी, आता न धावणारी आपली शकुंतला, एवढ्या गाड्या आजवर माझ्या हातून झाल्या. एकास चोवीस हे माझे प्रमाण. खऱ्या गाडीचे प्रत्येक माप चोवीसने भागायचे. चार मीटर लांबीची जीप मग जवळजवळ पावणेसतरा सेंटिमीटरची होते आणि तळहातापेक्षा थोडी मोठी दिसते. (शकुंतलेच्या डब्याला मात्र या प्रमाणात आमची खोली पुरेना, तेव्हा तिच्यासाठी मी निम्मे प्रमाण धरले.)

सामान सारे घरचे किंवा रस्त्यावरचे. चपलांच्या खोक्याचा पुठ्ठा, आरागिरणीत पडलेले सागाचे तुकडे, टायरसाठी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, सायलेन्सरसाठी रिकामी रिफिल. काचेसाठी मी जुन्या एक्स-रेची फिल्म सोड्याच्या पाण्यात धुऊन घेतो. हाडांचे चित्र निघून जाते आणि स्वच्छ पारदर्शक पट्टी हाती राहते. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही, तिचा मला अभिमान आहे.

घरात मात्र या नादाचे कौतुक होण्याजोगी परिस्थिती नाही. वडील स्वतः काळी-पिवळी चालवतात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. तेव्हा एकोणीस वर्षांचा घोडा पुठ्ठ्याच्या गाड्या करीत बसतो हे आजीला पटत नाही, आणि यातून कोणती नोकरी लागणार असे मामा दर दिवाळीला विचारतात. वडील काही बोलत नाहीत, पण पाहुणे आले की गाडी उचलून कपाटावर, वर्तमानपत्राच्या गठ्ठ्यामागे ठेवतात. बोलण्यापेक्षा हे जास्त लागते.

मागील वर्षी वर्गात भारतीय चित्रपटाच्या जनकाचा विषय निघाला, आणि आमच्या सरांनी जाता जाता सांगितले की दादासाहेब फाळके यांना आयुष्यातील पहिले सुवर्णपदक मिळाले ते चित्रपटासाठी नव्हे, एका प्रतिकृतीसाठी. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती ठेवली होती. सर पुढे गेले. मी तिथेच थांबलो. त्या दिवसापासून ग्रंथालयात फाळक्यांविषयी जे जे मिळाले ते वाचत गेलो. त्यांची हकिगत पुष्कळांनी लिहिली आहे, राजा हरिश्चंद्रापासून सुरू करून लिहिली आहे. मला ती त्या प्रतिकृतीपासून लिहावीशी वाटते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे जाणते पंडित. घर पूजापाठाचे, पोथ्यांचे. मुलानेही शास्त्री व्हावे अशीच त्या घराची रीत होती, पण मुलाचा ओढा रंगांकडे, चित्रांकडे, सोंगे काढण्याकडे. दाजीशास्त्र्यांना मुंबईत विल्सन कॉलेजात संस्कृत शिकविण्याची जागा मिळाली आणि कुटुंब मुंबईला आले. या बदलीने मुलाचे भाग्य उघडले असे मी म्हणेन, कारण १८८५ मध्ये त्याला जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेता आला. पंडिताने मुलाला चित्रकलेच्या शाळेत जाऊ दिले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पुढे ते थोरल्या बंधूंबरोबर बडोद्यास गेले. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८९० साली कलाभवन सुरू झाले होते आणि प्राचार्य गज्जर हे त्याचे प्रमुख होते. कला आणि कारागिरी या दोन वेगळ्या जाती नाहीत, असे मानणारी ती संस्था. तेथे धुंडिराज तैलचित्रे व जलरंग शिकले, वास्तुरचना शिकले, आणि मॉडेलिंग, म्हणजे घडणकाम, शिकले. त्याच सुमारास छायाचित्रणाचा नाद लागला. हे सारे एकाच माणसाने एकाच वेळी का शिकावे, असा प्रश्न आजचा विद्यार्थी विचारील. आपण विषयांचे गट पाडून बसतो. त्यांना बहुधा हे सारे एकच वाटत असावे.

आता त्या नाट्यगृहाकडे येऊ. ज्याने कधी प्रतिकृती केलेली नाही त्याला वाटते की मोठी वस्तू लहान केली की झाले. तसे नसते. गाडी लहान करताना मला फक्त एक वस्तू लहान करावी लागते. नाट्यगृह लहान करायचे म्हणजे पाहणाराही लहान करायचा. मागच्या रांगेत बसलेल्या माणसाची नजर पुढच्या माणसाच्या डोक्यावरून रंगमंचापर्यंत पोचते की नाही, हे इंचांच्या मापात बसवून पाहावे लागते. पडदे वर ओढून घेण्यासाठी रंगमंचावर किती उंची लागेल, विंगेत नट उभा राहिला तर कडेच्या खुर्चीवरून दिसेल का, दिवा कुठे टांगायचा, हे सारे ठरवावे लागते. आणि आदर्श म्हटले की नक्कल करायला समोर खरी वास्तू नसते. जी वास्तू अजून कुणी बांधलेली नाही तिची प्रतिकृती करायची. माझ्या जीपला निदान वडिलांची जीप समोर असते. शंका आली की शिंप्याची टेप घेऊन मी अंगणात जातो. बावीस वर्षांच्या धुंडिराजांना टेप लावायला काही नव्हते.

त्या प्रतिकृतीला सुवर्णपदक मिळाले. म्हणजे सिनेमा या शब्दाशी ओळख होण्यापूर्वीच, प्रेक्षक कुठे बसतो आणि त्याला काय दिसते याचा विचार या माणसाने हाताने करून पाहिला होता. पुढील सारे आयुष्य मला या एका गोष्टीचा विस्तार वाटतो. हे माझे मत. जाणकारांना ते धाडसाचे वाटेल.

पदकामागून भरभराट आली नाही. प्राचार्य गज्जरांनी हा विद्यार्थी हेरला आणि तीनरंगी ठसे करणे, शिळाछाप असली छपाईची कामे शिकायला त्याला रतलामला पाठविले. पुढे १८९५ च्या सुमारास ते गोध्र्याला छायाचित्रकार म्हणून व्यवसाय करू लागले. तेथे १९०० च्या सुमारास प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दोघेही गेले. तीस वर्षांचा माणूस बडोद्यास परत आला आणि पुन्हा स्टुडिओ थाटून बसला. पण कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो आणि फोटो काढला की माणूस मरतो, अशी अफवा पसरली आणि धंदा बुडाला. (आमच्या आजीचाही एकच फोटो आहे, तोही आधारकार्डावरचा. तेव्हा त्या लोकांना मी हसत नाही.)

मग ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले. एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि स्वतःचे आडनाव उलटे करून प्रोफेसर केळफा या नावाने खेळ करू लागले. चरित्रकार या भागावरून भरकन पुढे जातात, जणू मोठ्या माणसाच्या आयुष्यात जादूचे खेळ शोभत नाहीत. मला मात्र वाटते, जादूगार आणि प्रतिकृती करणारा यांचा धंदा एकच आहे. समोरच्याची नजर कुठे आहे ते ओळखायचे, आणि तिला जे दिसावे असे आपल्याला वाटते तेवढेच दिसू द्यायचे.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नी किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांच्या नात्यातली. लग्नानंतर तिचे नाव सरस्वती झाले. पुढील हकिगतीत सरस्वतीबाईंचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. १९०३ मध्ये दादासाहेबांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखकाची सरकारी नोकरी मिळाली. माझ्या मामांना विचारा, सरकारी नोकरी म्हणजे काय! दादासाहेबांनी ती तीन वर्षांत सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला, राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी शिळाछापाची कामे केली, मग मुंबईत भागीदारीत लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स उभारले, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणायला जर्मनीस जाऊन आले, आणि भागीदारांशी बिनसले तेव्हा तेही सोडले. चाळिशी उलटली होती. घरात लहान मुले होती. हाती काही नव्हते.

अशा वेळी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत एका तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकचित्रपट त्यांनी पाहिला, आणि पडद्यावर येशू चालत असताना यांना राम-कृष्ण दिसू लागले. ही हकिगत सर्वांना ठाऊक आहे. पुढचे सहा महिने त्यांनी जमेल तेवढे चित्रपट पाहिले, मेणबत्तीच्या उजेडात फिल्मचे तुकडे तपासले, झोप सोडली, आणि त्यापायी दृष्टी जाण्याची वेळ आली. डॉक्टर प्रभाकर यांच्या उपचारांनी डोळे वाचले. बरे होताच आयुर्विम्याच्या बारा हजारांच्या पॉलिसी गहाण टाकून दहा हजार रुपये उभे केले, आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनच्या बोटीत बसले. तेथे बायोस्कोप साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र विकत घेतले आणि १ एप्रिलला परत आले.

यंत्र आले तरी पैसे देणारा सावकार हवा होता. त्याला या माणसाने कसे पटवावे? एका कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा रोवला. महिनाभर ठराविक वेळाने एकेक चौकट घेत राहिले. मग ती फिल्म चालवली तेव्हा बीजातून अंकुर, अंकुरातून वेल एका मिनिटाच्या आसपास डोळ्यांदेखत वर चढला. अंकुराची वाढ हा तो लघुपट. तो पाहून कर्ज मिळाले. मी याला आदर्श नाट्यगृहानंतरची दुसरी प्रतिकृती म्हणतो. पहिलीत त्यांनी जागा लहान केली, दुसरीत वेळ. महिना एका मिनिटात बसवायचा तर दर किती तासांनी एक चौकट घ्यावी, हा हिशेब माझ्या एकास चोवीसच्या हिशेबासारखाच आहे. तो चुकला तर वेल धक्के खात वाढतो.

राजा हरिश्चंद्राच्या निर्मितीवर २००९ साली हरिश्चंद्राची फॅक्टरी हा सुंदर मराठी चित्रपट येऊन गेला, तेव्हा त्यातल्या गमतीजमती मी पुन्हा सांगत नाही. तारामतीच्या कामाला बाई मिळेना म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले, दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले आणि दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात तो लोकांसाठी लागला. मला सांगायचे आहे ते वेगळेच.

त्या चित्रपटाची लांबी ३,७०० फूट होती. एका फुटात सोळा चौकटी असतात, म्हणजे साठ हजारांच्या जवळपास चौकटी झाल्या. प्रत्येक चौकटीच्या दोन्ही कडांना चार-चार छिद्रे असतात. त्यांत यंत्राचे दाते अडकतात तेव्हाच फिल्म पुढे सरकते. गुणाकार केला तर एका प्रतीत पावणेपाच लाखांच्या आसपास छिद्रे येतात. त्या काळी कच्ची फिल्म छिद्रांवाचून यायची. ती छिद्रे पाडण्याचे काम रात्री, अंधारात, यंत्रावर सरस्वतीबाई करीत. छिद्र केसभर सरकले तर पडद्यावरचा राजा थरथरतो. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडे, चित्रण सुरू असताना उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडण्याचे काम त्यांच्याकडे, फिल्म धुणे त्यांच्याकडे, आणि पैसे संपले तेव्हा दागिनेही त्यांचेच गेले. पदक, सन्मान, रस्त्याला नाव, टपाल तिकीट हे सर्व दादासाहेबांच्या वाट्याला आले. आले ते योग्यच आहे. पण जीपच्या जाळीची अठरा भोके पाडताना माझी बोटे दुखतात, तेव्हा मला दादासाहेबांची नव्हे, सरस्वतीबाईंची आठवण होते.

यशानंतर दादासाहेबांनी आपले बिऱ्हाड व काम नाशिकला नेले. मोहिनी भस्मासुर मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमलाबाई या स्त्रियांनी भूमिका केल्या. १९१५ च्या सुमारास त्यांनी आगकाड्यांची मौज नावाचा लघुपट केला. त्यात माणूस नाही. आगकाड्या एकेक करून सरकवायच्या, प्रत्येक वेळी एक चौकट घ्यायची, आणि पडद्यावर आगकाड्या आपणहून नाचू लागायच्या. ही गोष्ट वाचल्यावर मी आमच्या मित्राच्या मोबाईलवर माझ्या काळ्या-पिवळीचे तसेच चित्रण करून पाहिले. दोनशे फोटो काढले. गाडी वीस सेकंदांहून कमी वेळ चालली आणि वळणावर माझी चप्पल दिसली. ते करताना माझी पाठ मोडून आली; दादासाहेबांना तर फिल्म धुतल्याशिवाय चूक दिसतही नव्हती.

१९१७ च्या लंकादहनाने अमाप पैसा मिळविला. त्यात राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके होते. हनुमान आकाशात उडतो आणि लंका जळते हे पाहायला खेड्यापाड्यांतून लोक येत. श्रीकृष्ण जन्म मध्ये कंसाचे मस्तक धडावेगळे होऊन परत बसते. १९१९ च्या कालिया मर्दन मध्ये दादासाहेबांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आणि कालिया नागाशी झुंजली. या चित्रपटाचा जपलेला भाग मी पाहिला आहे. नाग केलेला आहे हे कळते, लपत नाही. तरीही मंदाकिनी त्याच्या फण्यावर उभी राहते तेव्हा आपण नागाचा विचार सोडून देतो. याचे कारण मला माझ्या कामातून कळले असे वाटते. पाहणाऱ्याला फसवावे लागत नाही. मापे खरी असली की तो आपण होऊन विश्वास ठेवतो. माझ्या पहिल्या जीपला मी बाजारातून आणलेली खेळण्याची चाके लावली होती. ती थोडी मोठी होती, दोन-तीन मिलिमीटरच. बाकी सारे बरोबर असूनही ती कुणाला जीप वाटली नाही.

१९१८ मध्ये भांडवलदारांना घेऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी स्थापन झाली. पुढील भाग दुःखाचा आहे. भागीदारांना खर्चाचा हिशेब हवा होता, दादासाहेबांना मोकळीक. ते कंपनी सोडून काशीला गेले, तेथे रंगभूमी नावाचे नाटक लिहिले, पुन्हा परत आले, पुन्हा काम करू लागले. एकोणीस वर्षांच्या काळात सुमारे ९५ चित्रपट आणि २६ लघुपट त्यांनी केले. मग बोलपट आला. सेतुबंधन हा त्यांचा चित्रपट मूक म्हणून तयार झाला आणि मागाहून त्याला आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला गंगावतरण हा त्यांचा एकमेव बोलपट १९३७ मध्ये आला. त्यानंतर त्यांच्या हातून चित्रपट झाला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनीच निर्माण केलेल्या धंद्याने त्यांना बाजूला टाकून बरीच वर्षे झाली होती. १९६९ पासून त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतला सर्वोच्च राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो.

येथे मी थोडा अडखळतो. विमा गहाण टाकणे, नोकरी सोडणे, बायकोचे दागिने मोडणे, या गोष्टी आपण भाषणांतून मोठ्या अभिमानाने सांगतो, कारण शेवटी राजा हरिश्चंद्र झाला. तो झाला नसता तर? वडिलांची जीप हप्त्यांवर घेतलेली आहे. हप्ता थकला की घरात जेवताना कुणी बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून दादासाहेबांच्या त्यागाच्या वर्णनांनी माझी छाती भरून येत नाही. थोडी भीतीच वाटते. पण अहमदाबादेतली ती प्रतिकृती घडवताना त्यांनी कुणाचेही काही गहाण टाकले नव्हते. तेव्हाचा बावीस वर्षांचा धुंडिराज मला अधिक जवळचा आहे. त्याला पुढचे काही ठाऊक नव्हते, आणि तरी तो नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला नीट दिसावे म्हणून खपत होता.

हा लेख पुरा झाल्यावर एका रात्री मी तो घरी वाचून दाखवला. आजी मध्येच झोपली. आईने सरस्वतीबाईंचा भाग पुन्हा वाचायला लावला आणि काही न बोलता भांडी घासायला गेली. वडील शेवटपर्यंत ऐकत होते. मग ते उठले, कपाटावरची जीप त्यांनी गठ्ठ्यामागून काढली, दिव्याखाली धरून बराच वेळ उलटसुलट करून पाहिली आणि टपावरच्या कॅरियरला एक आडवी पट्टी कमी आहे असे सांगितले. मी टेप घेऊन अंगणात गेलो. खरोखरच कमी होती.